काचेची घडी आणि सहा ओळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्या माणसाला तर नाहीच. भावोजींनी बनवलेल्या काचेबद्दल मी जो अहवाल लिहिला, त्यात एका जुन्या कागदातल्या सहा ओळी मी मुद्दाम गाळल्या. चुकून नाही. त्या ओळी मी दोनदा वाचल्या, बाजूला पेन्सिलीने उभी रेघ ओढली, आणि मग ती रेघ खोडरबराने पुसली. भावोजी समजतात की कायद्याने त्यांना हरवलं. कायदा बिचारा तिथवर आलाच नव्हता. तिथे फक्त मी होतो.

माझं काम सांगून कुणाला पटकन कळत नाही. मी विरारला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीशी टेबल, टेबलावर दोन स्क्रीन, आणि दिवसभर जगातले जुने पेटंटचे कागद वाचायचे. कुणी म्हणालं की मी नवीन काही शोधलं, तर आम्ही दोन गोष्टी बघतो. हे आधी कुणी केलंय का, ही पहिली. ती सोपी, नीट शोधलं की सापडतं किंवा सापडत नाही. दुसरी अवघड. आधी कुणी केलं नसेल, तरी ते कुणालाही सहज सुचलं असतं का? सहज सुचण्यासारखं असेल तर पेटंट नाही. जे कुणालाही सुचेल त्यावर एकाची मालकी कशी मानायची?

आता हा ‘कुणीही’ कोण? त्यासाठी कायद्याने एक माणूसच कल्पून ठेवलाय. त्या त्या विषयातला जाणकार. काचेचा प्रश्न असेल तर काचेतला, कुलपाचा असेल तर कुलपातला. या माणसाने आपल्या विषयातला एकूण एक कागद वाचलेला असतो. हाताला वळण असतं, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर तो त्या जोडू शकतो. पण त्याला स्वप्न पडत नाही. जे कागदात नाही ते त्याच्या डोक्यात येत नाही. आम्ही रोज त्याला विचारतो: बाबा रे, तुला हे सुचलं असतं का? आणि त्याच्या वतीने उत्तर आपणच द्यायचं.

पहिली काही वर्षं तो मला नुसता शब्दांत भेटायचा. मग त्याला चेहरा आला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, इस्त्री केलेला, खिशाला पेन. दुपारी जेवणानंतर डोळे जड झाले की तो खुर्चीमागे उभा असल्यासारखा वाटे. जीवदानीच्या डोंगरावरून ऊन हळूहळू सरकत आमच्या इमारतींच्या गच्च्यांवर यायचं, पाण्याच्या काळ्या टाक्या चमकायच्या, आणि तो त्या उजेडात माझ्याबरोबर वाचत राहायचा. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. घामाचा नाही, तेलाचा नाही. कुठल्याच स्वयंपाकघरातून तो आलेला नव्हता. हे लक्षात ठेवायला हवं होतं. मी ते विसरलो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घाटावरून नोकरीसाठी आले, काचेच्या कारखान्यात लागले, ताईशी लग्न झालं, आणि मी विरारला फ्लॅट घेऊन निघून गेल्यावर नंदाखालच्या आमच्या घरी राहायला आले. वाडी तेच बघायचे. केळी, नारळ, थोडी फुलं. गावात दोन-चार जण त्यांना घरजावई म्हणून चिमटे काढत. ते हसून म्हणत, “घर आहे, जावई आहे, मग बोलायचं काय राहिलं?” आईची शेवटची वर्षं त्यांच्याच देखभालीत गेली. मी रविवारी जायचो, डझनभर केळी घेऊन परत यायचो.

पुढे त्यांनी वसई पूर्वेला एक छोटा गाळा घेतला. मोबाइलवर चिकटवतात त्या संरक्षक काचा तिथे कापायच्या, कडा घासायच्या. मग मिटणारे मोबाइल आले, पुस्तकासारखे. त्यांच्यावर काच चिकटवता येईना, प्लॅस्टिक लावलं की मधोमध सुरकुती. भावोजींना ती सुरकुती बघवेना. “माणसाच्या तोंडावर ठीक आहे,” म्हणायचे, “नव्या वस्तूवर कशाला?”

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी मी नंदाखालला गेलो. ताई ओट्यापाशी केळीची पानं शेकत होती. काकडीचं गोड करायचं होतं. किसलेली काकडी, तांदळाचं पीठ, गूळ, ते पानात घालून पान दुमडायचं आणि वाफवायचं. शेकलेल्या पानाचा तो वास घरभर होता, थोडा जळका, थोडा पावसाचा. भावोजींनी मला आत बोलावलं.

“हात धुऊन ये. आणि शिंकू नकोस.”

त्यांनी फडक्यातून एक काच काढली. दोन तळव्यांएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. खिडकीतून वाडीचा उजेड येत होता, केळीतून गाळून आलेला, हिरवट. काच त्या उजेडात दिसेनाशी झाली. फक्त तिच्या कडेवरून एक रेघ पळत होती. भावोजींनी दोन्ही हातांनी ती मिटली. मी आवाजाच्या भीतीने खांदे आवळले होते. आवाज झालाच नाही. काच वहीसारखी मिटली, पुन्हा उघडली, आणि मध्ये सुरकुतीचं नाव नव्हतं. माझे खांदे तसेच वर राहिले.

“किती फुटल्या?” मी विचारलं.

“दोन गोण्या.”

“तिसरी गोणी माझ्या सहनशक्तीची,” ताई बाहेरून म्हणाली. “तीही घेऊन जा म्हणावं गाळ्यावर.”

मग भावोजींनी समजावून सांगितलं. काच वाकायची तर घडीच्या जागी तिला मागच्या बाजूने पातळ करावं लागतं. ॲसिडने एक पट्टी खायची. पण पट्टीची भिंत सरळ उभी ठेवली की काच नेमकी त्या भिंतीच्या पायथ्याशी तडकते. महिनोन्महिने त्यांच्या काचा तिथेच तडकत होत्या.

“आणि एक दिवस ही पानं करत होती,” ते म्हणाले, “मी दांडा तासत होतो. तुझ्या आईने शिकवला तसा. ती काय म्हणायची?”

आई चांदीपची, भातशेतीच्या गावची. तिची बोली शेवटपर्यंत तशीच राहिली. ताई आणि भावोजी दोघं एकदम तिच्या आवाजात म्हणाले, “एकदम खोल नको घेऊ, उतार दे. पान कोनाच्या बापाचं ऐकत नाय!” आणि दोघं हसत सुटले.

केळीच्या पानाचा मधला दांडा जाड असतो. तो न तासता दुमडलं तर पान मोडतं. एकाच जागी खोलवर तासलं तर खाचेच्या कडेला फाटतं. म्हणून दोन्ही बाजूंनी लांबून उतार देत सुरी न्यायची, मग शेकायचं, मग दुमडायचं. आमच्या घरात हे सगळ्यांना येत होतं. मलाही येत होतं, म्हणजे यायला हवं होतं. मी घाई करायचो आणि पानं फाडायचो. “कोनाची घाई हाय तुला?” आई विचारायची.

भावोजींनी काचेला तसाच उतार दिला होता. उतारातून बघताना पलीकडचं हलल्यासारखं दिसू नये म्हणून त्या खोलगट जागेत एक पारदर्शक लेप भरला होता, ज्यातून उजेड काचेइतकाच वळतो. तो लेप सापडायला आणखी एक पावसाळा गेला होता.

“तू तर लहानपणापासून ही पानं बघतोस,” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, “आणि दिवसभर काचेचे कागद वाचतोस. तुला माझ्याआधी सुचायला हवं होतं की, कागदवाले!”

थट्टाच होती ती. मी हसलो. पण ती कुठेतरी जाऊन बसली.

“हे बघ,” ते पुढे म्हणाले, “मी बाहेरच्या माणसाकडे जात नाही. तू बघ. पेटंट मिळण्यासारखं असेल तर अर्ज करू. सहज सुचण्यासारखं असेल तर तसं सांग. मी काय रडत बसणार नाही.”

मी दोन आठवडे शोधलं. भावोजींची काच जशीच्या तशी कुठेच नव्हती. पण दोन कागद मिळाले. पहिल्यात घडीची काच होती: मधली पट्टी पातळ, तिची भिंत सरळ उभी, वर लेप भरलेला. दुसरा कागद दिव्याच्या काचेचा होता. तिथे काचेच्या जाड भागाकडून पातळ भागाकडे उतार दिलेला होता, तडे जाऊ नयेत म्हणून. दोन्ही शेजारी ठेवले की भावोजींची काच तयार होते. एकातली घडी, दुसऱ्यातला उतार. मग जाणकाराला सुचलंच असतं की.

पण पहिल्या कागदाच्या शेवटच्या पानाआधी त्या सहा ओळी होत्या. तो लिहिणारा सांगत होता की आम्ही उताराची भिंत करून पाहिली. उतारातून बघताना अक्षरं पाण्यात असल्यासारखी हलतात. लेप भरूनही हलतात. तेव्हा या वाटेने जाणाऱ्याने भिंत उभीच ठेवावी.

आमच्या धंद्यात अशा ओळींना फार वजन असतं. जुना कागदच जर म्हणत असेल की इकडे जाऊ नका, तर तिकडे जाऊन वाट काढणाऱ्याला ती सहज सुचली असं म्हणता येत नाही. जाणकार हा आज्ञाधारक माणूस आहे. त्याला परत फिर म्हटलं की तो परत फिरतो. भावोजी परत फिरले नव्हते. त्यांनी तो कागद वाचलाच नव्हता, पण अक्षरं हलताना त्यांनीही पाहिली होती, आणि ती थांबेपर्यंत ते लेप बदलत राहिले होते.

त्या दिवसांत दुपारी मला एकच दृश्य दिसायचं. अर्धवट झोपेत, खुर्चीतच. आमची नंदाखालची वाडी, पाटातून पाणी चाललंय, केळीची पानं एकमेकांवर घासतायत, आणि त्या हिरव्या उजेडात पांढऱ्या सदऱ्याचा तो जाणकार उभा. आई त्याच्या हातात पान देते, सुरी देते. उतार दे, म्हणते. तो तासतो. एकदाही फाडत नाही. आई मान हलवते, जशी ती भावोजींसाठी हलवायची. मी पाटाच्या या बाजूला उभा असतो आणि पाणी ओलांडता येत नाही. मग डोळे उघडायचे, समोर स्क्रीनवर काचेचं चित्र असायचं, आणि वाटायचं, यात काय आहे? हे तर घरोघरी माहीत आहे.

ती माझी चूक होती, धंद्यातली. मी त्या माणसाला आमच्या स्वयंपाकघरात नेलं. काचेतल्या जाणकाराला केळीचं पान माहीत नसतं. त्याला आई नसते. उत्तर आधी पाहिलं की प्रश्न सोपा वाटतो, हा आमच्या कामातला सगळ्यात जुना सापळा. नवीन लोकांना मी पहिल्या दिवशी तोच सांगतो. आधी उत्तर विसरा, मग कागद वाचा. मी स्वतः श्रावणातल्या त्या दुपारी उत्तर हातात धरून, काकडीचं गोड खाऊन घरी आलो होतो.

पण खरं सांगायचं म्हणून लिहायला बसलोय, तर सापळ्यावर सगळं ढकलणार नाही. सापळ्याने फार तर पहिला आठवडा गेला. पेन्सिलीची रेघ पुसताना मी पुरता जागा होतो. खिडकीतून ऊन येत होतं आणि मला भावोजींची ती थाप आठवत होती. आईने मला एकदा फोनवर सांगितलेलं आठवत होतं, “तुजे भावोजी पान बरं दुमडतात हां. तू फाडायचास.” माझं घर, माझी आई, माझं पान, माझीच काच म्हणायची. आणि ते सगळं एकत्र आलं ते दुसऱ्याच्या हातात. मला वाटलं, एवढं तरी त्याला मिळू नये.

अहवाल घेऊन मी नंदाखालला गेलो. भावोजी ओटीवर बसले होते, पायाशी सोललेल्या नारळांची सालं. चष्मा लावून त्यांनी चारही पानं वाचली. बोट ओळीखाली फिरवत. मी आत जाऊन पाणी पिऊन आलो तरी ते वाचतच होते.

“म्हणजे कुणालाही सुचलं असतं,” ते म्हणाले.

“कायद्याच्या भाषेत, हो.”

“कायद्याची भाषा राहू दे. तुझ्या भाषेत सांग. तुला वाटतं तसं?”

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर मी आज स्वतःला निदान थोडं लपवू शकलो असतो. अहवालात काही लिहायचं राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला होता आणि सरळ माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “हो.”

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग मोठ्याने हाक मारली, “ऐकलंस का? तुझा नवरा कुणीही निघाला!”

“मी लग्नातच आईला सांगत होते,” ताई आतून म्हणाली. “तेव्हा कुणी ऐकलं नाही.”

आम्ही तिघंही हसलो. मीही हसलो.

“मग आता दाखवायला हरकत नाही ना लोकांना?” भावोजींनी विचारलं. “तू म्हणाला होतास, अर्ज होईपर्यंत दाखवू नका.”

इथे दुसरी संधी होती. एकदा चारचौघांत मांडलं की मग पेटंटचं दार बहुतेक बंदच होतं, हे त्या ओटीवर फक्त मला नीट माहीत होतं. अजून वेळ होता. सहा ओळींचा विषय काढायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “आता कसली हरकत.”

त्यांनी छोट्या कारखानदारांच्या एका प्रदर्शनात टेबल घेतलं. आलेल्या प्रत्येकाला काच मिटून दाखवली, उतार कसा द्यायचा ते कागदावर चित्र काढून सांगितलं, लेपात काय घातलं तेही सांगितलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तो पसरला. भावोजींनी तो मला पाठवला. त्यात ते इतके आनंदी दिसतात की मी तो आजही शेवटपर्यंत पाहू शकत नाही. “सासूबाईंनी शिकवलं,” असं म्हणून ते समोरच्या अनोळखी माणसाच्या हातात काच देतात, आणि तिथे मी तो बंद करतो.

वर्षभराने परदेशातल्या एका कंपनीचं काम आलं. वेगळीच रचना, पण तीही घडीच्या काचेची, तिच्यातही भिंत तिरकी, आणि विरुद्ध बाजूने पुढे केलेला कागद तोच, माझा ओळखीचा. मी त्या कंपनीसाठी लिहिलं की हा कागदच मुळात त्या वाटेने जाऊ नका म्हणून सांगतो, तेव्हा ही रचना सहज सुचणारी म्हणता येत नाही. आणि त्या सहा ओळी मी पूर्ण उतरवल्या, सगळ्यात वर. शोधायलाही लागल्या नाहीत. पाठ होत्या.

ते काम पाठवून मी बसून राहिलो. संध्याकाळ होत होती, समोरच्या गच्चीवर कुणी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं, दोन टोकं धरून दोघीजणी एकमेकींकडे येत होत्या आणि चादर मधोमध मिटत होती. जाणकार खुर्चीमागे नव्हता. बरेच दिवस नव्हता. आणि तेव्हा मला इतकी साधी गोष्ट कळली की ती इतके दिवस न कळल्याची लाज वाटली. भावोजींची काच सहज सुचण्यासारखी होती का, याचा सगळ्यात मोठा पुरावा मीच होतो. काचेचे कागद वर्षानुवर्षं वाचलेला माणूस मी. दांड्याला उतार द्यायला आईच्या मांडीशी बसून शिकलेलाही मीच. अशा दोन्ही गोष्टी ज्याच्या एकाच डोक्यात आहेत असा दुसरा माणूस जगात शोधून सापडला नसता; कायद्याने कल्पिलेल्या त्या माणसापेक्षा मला जास्त माहीत होतं. आणि त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदाही भेटल्या नाहीत. सहज सुचणारं असतं तर ते मला सुचलं असतं.

भावोजी अजून संरक्षक काचाच कापतात. मिटणारी काच त्यांनी घरीच ठेवलीय, फ्रिजवर, फडक्यात. मागच्या रविवारी ताईने पानं शेकायला घेतली तेव्हा त्यांनी ती खाली काढली आणि माझ्या हातात दिली.

“उघड,” म्हणाले. “शिंकू नकोस.”

मी उघडली. पलीकडे ताईचा हात दिसत होता, सुरी, दांडा, लांबून येणारा उतार. काहीही हलत नव्हतं. अक्षरासारखं स्पष्ट दिसत होतं सगळं. मी काच मिटली आणि परत दिली, आणि जेवायला बसलो.

त्या काचेवरचा त्यांचा हक्क आता कुणालाच परत देता येणार नाही. तो मी देणं लागतो असं म्हणण्यातही अर्थ नाही. पण त्या सहा ओळी मी भावोजींना देणं लागतो, ताईसमोर, मोठ्याने वाचून. आणि ओटीवर त्यांनी मला माझ्या भाषेत उत्तर मागितलं होतं, ते उत्तरही अजून देणं आहे: नाही, भावोजी. मला ते सुचलं नव्हतं.